मातीत न निजलेला सिंह

बाबा, तुझं ते सिंहाचं बक्कल खोटं निघालं. एवढंच सांगायला बसले होते, पण सून म्हणाली, एका ओळीचं पत्र तारेसारखं वाटतं, आणि तार आली की लोक वाचायच्या आधीच रडायला लागायचे. म्हणून ऐसपैस सांगते. लिहितेय ती. मी खिडकीशी पाय पसरून बसले आहे आणि बोलतेय. अक्षर मला तेव्हाही येत नव्हतं, आताही येत नाही, आणि या वयात शिकले तर सुनेचं काम जाईल. पहिल्याच वाक्याला तिनं मला अडवलं. "आई, वडिलांना अरे-तुरे लिहू?" मी म्हटलं, लिही. आमच्यात बापाला तूच म्हणत. अहो-जाहो मुकादमाला.

मी खरवईतच आहे. आपलं भाताचं शेत होतं त्या अंगाला आता इमारती झाल्यात, त्यातल्या एकीत चौथ्या मजल्यावर राहते. लिफ्ट आहे. खालून पाचवं बटण दाबलं की चौथा मजला येतो. हे गणित कुणी बसवलं मला ठाऊक नाही, पण मी पाच मोजते आणि अजून तरी आपल्याच घरी पोचते. बक्कलं स्वयंपाकघरात आहेत. सुनेनं दोन जुनी इडलीपात्रं मोडीत काढली होती, ती मी मागून घेतली. एकेका खळग्यात एकेक बक्कल. पहिल्या पात्राची वरची ताटली म्हणजे उल्हासनगरच्या कॅम्प चारातली मोठी बराक, तिच्या खालची म्हणजे विहिरीजवळचा पाया, त्याच्या खालची म्हणजे तो लांबलचक नाला, जो खणताना तुझी कंबर धरली होती. कुठलं बक्कल कुठल्या खड्ड्यात, कुणासमोर निघालं, ते मला ताटलीवरून आठवतं. लोकांची वही असते, माझं इडलीपात्र आहे.

तू गेलास तेव्हा सव्वीस होती. आता एक्केचाळीस आहेत. मधल्या काळात मी काही स्वस्थ बसले नाही. उल्हासनगरात कुठे जुनी बराक पाडतायत असं कळलं की मी तांदळाची चाळण पिशवीत टाकून निघते. आता टिकाव-फावडं राहिलं नाही, जेसीबी येतो. त्याचा ड्रायव्हर वरून ओरडतो, "आजी, पीछे हटो, पाँव जाएगा!" मी म्हणते, बाळा, पाय माझाच जाईल, पण तुझ्या त्या दातांनी बक्कल वाकलं तर कोण सरळ करणार आहे? मग तोच खाली उतरतो आणि कुठलीशी खुर्ची आणून ढिगाऱ्यावर सरळ करून देतो. मी माती चाळत बसते. निम्म्या वेळा नुसते खडे निघतात. पण दिवस बरा जातो.

मला एक गंमत वाटते. तू जन्मभर धोतराला गाठ मारलीस, पट्टा म्हणून कधी कमरेला लावला नाहीस, आणि जमवलीस काय, तर पट्ट्यांची बक्कलं. बरोबरचे लोक पितळ निघालं की भंगारात घालून मोकळे व्हायचे. तू बक्कल उलटसुलट करून बघायचास आणि म्हणायचास, "ज्याच्या कमरेला होतं तो बारीक होता गं, बघ, भोक आतलं झिजलंय." मला हसू यायचं, कारण भोक बक्कलाला नसतं, पट्ट्याला असतं, आणि पट्टा तर मातीनं कधीच खाल्लेला असायचा. पण तुला त्या माणसाची कंबर दिसायची. आता आमच्याकडे एक सर येतात, शाळेतून निवृत्त झालेले. ते सांगत होते, परदेशात लोक जुन्या रणांगणात असली बक्कलं उकरतात. आपल्याकडे लढाई कुठे झाली? इंग्रजाच्या काळात इथं छावणी होती, फौजा यायच्या, बोटीची वाट बघत थांबायच्या आणि जायच्या. आपल्या जमिनीत नुसतं वाट बघणं पुरलेलं आहे. मला ते बरं वाटतं. निदान ह्या बक्कलांच्या मालकांना इथं कुणी मारलं नाही. पुढे काय झालं ते मी विचारत नाही.

तर हे सर. त्यांना वाचनालयाच्या मोठ्या खोलीत छावणीच्या वेळच्या वस्तू मांडायच्या आहेत, कायमच्या, काचेच्या कपाटात. कुणाकडून चमचा आला, कुणाकडून पाण्याची बाटली, आणि माझ्याकडून एक्केचाळीस बक्कलं. त्यांची एकच अट. प्रत्येक वस्तूखाली एक ओळ लिहायची, कुठे सापडली आणि कुणाला, आणि ती ओळ खरी पाहिजे. "आजी," म्हणाले, "कुठलं ते माहीत नसलं तर ते नुसतं पितळ. माहीत असलं तर तो साक्षीदार." मला पटलं. तीन दुपारी ते भिंग घेऊन आमच्या सोफ्यावर बसले, मी ताटली-ताटलीनं सांगत गेले, सून लिहीत गेली. शेवटी सिंह उरला. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, जेवणात शेवटी दहीभात ठेवतात तसा. सरांनी तो हातात घेतला, उलटा केला, भिंग लावलं, खिडकीच्या उजेडात धरलं. मग म्हणाले, "आजी, बाकीची सगळी इथल्या जमिनीतली आहेत. कितीही घासली असलीत तरी खोबणीत हिरवट थर आहे. हे मात्र मातीत कधी निजलेलंच नाही."

"मग कुठे निजलं?" मी विचारलं.

"कॅम्प चारातल्या एखाद्या कारखान्यात. वाळूच्या साच्यात ओतलंय, मागे कानशीची खूण तशीच आहे. शाळेच्या पट्ट्यांना लावत असतील त्या काळी." बिचारे इतक्या हळू बोलत होते, जसं काही माझ्या घरात कुणी गेलंय. मी आधी हसले. साठ वर्षं उल्हासनगरचा नकली माल ओळखते म्हणून मिरवते, घड्याळ बघून सांगते, पर्स बघून सांगते, आणि माझ्याच घरात दहीभातासारखा ठेवलेला सिंह उल्हासनगरचाच. पण ते गेल्यावर हसू ओसरलं. कारण तो सिंह कसा मिळाला ते मला आठवत होतं, आणि त्याच्यामुळे कुणाचं काय गेलं, तेही.

तो दिवस मला असा दिसतो. मी तेरा वर्षांची. आईला जाऊन महिना व्हायचा आहे. तिची माती वाहायची पाटी घेऊन मी तुझ्याबरोबर कामावर येते, आणि माझ्या दुसऱ्याच दिवशी बराकीची अर्धी भिंत कोसळते. खाली माणूस कुणी सापडत नाही, मुकादमाची सायकल सापडते. माणूस सापडला असता तर एवढा बोभाटा झाला नसता. नवी सायकल ती! बाया म्हणायला लागतात, मेलेल्या बाईची पाटी खड्ड्यात आणली, आता काय होणार. मुकादम तुला सगळ्यांदेखत सांगतो, "उद्यापासून पोरीला आणायची नाही. अपशकुनी पाटी माझ्या कामावर नको." तू घरी येऊन भाकरी थापतोस, एका बाजूनं कच्ची, दुसरीकडून करपलेली, आणि माझ्याकडे न बघता म्हणतोस, "मामाकडे राहशील का, मुरबाडच्या पलीकडे?" मी म्हणते, नाही. तू म्हणतोस, "घरात एकटी कशी ठेवू?" मी म्हणते, भाकरी मी थापते उद्यापासून. जणू तोच मुद्दा होता. मामाकडे गेलेली मुलगी परत येत नाही, तिकडूनच तिचं लग्न होतं, हे तेराव्या वर्षीही मला कळत होतं.

आणि मग आठ दिवसांनी तो नवा पाया. नवा खड्डा उघडला की नारळ फुटायचा आणि पहिली पाटी चांगल्या पायगुणाची बाई उचलायची. तिला चोळीचा खण आणि नारळ मिळायचा. आमच्या कामावर तो मान डोंगरावरच्या वाडीतून येणाऱ्या एका बाईचा होता. आम्ही तिला वाडीवालीच म्हणायचो. विशीतली होती, हसली की खड्ड्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायची. मी तुझी भाकरी घेऊन काठावर उभी आहे. वाडीवाली पाटी भरून वर येते, वाटेत थांबते, आणि म्हणते, "धर गो जरा, माझी डोक्यावरची चुंबळ सुटली." मी पाटी डोक्यावर घेते. "आता घेतलीस तर टाकूनच ये," म्हणते. मी जाते, ओतते, आणि मातीतून हा एवढा सिंह बाहेर पडतो, तोंड वासलेला. वाडीवाली अशी ओरडते की चहाच्या टपरीवरून लोक धावत येतात. "सिंह निघाला! पोरीच्या पाटीत सिंह निघाला!" आमचा नियम सगळ्यांना ठाऊक होता. टिकावाला लागलं ते खोदणाऱ्याचं, पाटीत निघालं ते जिच्या डोक्यावर पाटी तिचं. मुकादमानं सिंह हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि ज्या तोंडानं अपशकुनी म्हणाला होता त्याच तोंडानं म्हणाला, "लक्ष्मी आहे पोरगी." त्याच्या पुढच्या पायाला पहिली पाटी मी उचलली. त्याच्या पुढच्यालाही. लग्न होईपर्यंत मीच. लग्नसुद्धा त्यावरच जमलं म्हण ना, सासूबाईंनी ऐकलं होतं, मुलीच्या पाटीत सिंह निघतो. त्यांना पुढे माझ्या हातची आमटी खावी लागली तेव्हा सिंहाचा काही उपयोग झाला नाही, ते सोड.

पण मान माझा झाला म्हणजे वाडीवालीचा गेला. खण गेला, नारळ गेला. ती कधी बोलली नाही. उलट माझी मैत्रीणच झाली, ती आजतागायत. सर गेल्यावर मला हेच टोचत राहिलं. सिंह मातीतला नाही, तर तो पाटीत घातला कुणी? तूच. दुसरं कोण घालणार? आणि आता एकेक गोष्ट उलटी दिसायला लागली. आठवतं, एका दसऱ्याला तुझी कुदळ आणि पहार पूजेला घासताना मी सगळी बक्कलं चिंच-मीठ लावून चकचकीत केली होती? किती चिडलास! "त्यांची माती कशाला धुतलीस? ती त्यांचीच होती ना?" जन्मात तू माझ्यावर एवढा आवाज चढवला नव्हतास. मी रडत सिंह लपवायला गेले, तर म्हणालास, "त्याला घास, हवं तेवढं घास." मला वाटलं, लाडाचा म्हणून सूट दिली.

दोन रात्री नीट झोप नाही लागली. सिंहापायी नाही, वाडीवालीपायी. साठ वर्षं जिच्या ताटात जेवले तिचा मान मी खोट्या पितळावर घेतला होता, आणि आता ते काचेच्या कपाटात लागणार किंवा लागणार नाही, दोन्हीकडून तिला कळणारच. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं. सुनेला म्हटलं, चल कुळगावला. वाडीवाली आता तिथं मुलीकडे असते. ऐंशीच्या पुढे गेलीय, गुडघे गेलेत, हसणं तेवढंच राहिलंय. आम्ही गेलो तेव्हा ताटात भिजवलेले वाल घेऊन सोलत बसली होती. मी पण सोलायला बसले. तोंड उघडायला हातात काम असलं की बरं असतं. अर्धं ताट सोलून झालं तेव्हा मी सांगितलं. सर, भिंग, कारखाना, सगळं. म्हटलं, तुझा मान मी घेतला, आणि तो खरा नव्हता. तुला काय बोलायचं ते बोल.

तिनं वालाचं टरफल माझ्या अंगावर उडवलं. "तुला आत्ता कळलं होय गो?"

"म्हणजे?"

"अगं, तुझ्या बापानं माझ्याच ओटीत आणून टाकलं व्हतं ते. एका शेठच्या कारखान्याची मोरी खणून दिली, त्याच्या बदल्यात मागून आणलंन. इतकं चकचकीत व्हतं का तोंड दिसत व्हतं त्यात. मी म्हटलं, ह्याला कोण जुनं म्हणंल? मंग मी माझ्या दारातल्या शेणात चार दिवस पुरून ठेवलं." आणि अशी हसली की तिची मुलगी बाहेर आली. "अन् चुंबळ माझी कधी सुटली व्हती का गो? जन्मात नाय सुटली."

मी हातातला वाल ताटात ठेवला. म्हटलं, आणि तुझा खण? तुझा नारळ?

"मी बोलले ना तेला. म्हटलं, माझा मान जातोय, मला काय? म्हनला, जिवात जीव हाय तोवर तुझं घर शाकारून देईन. अन् दिलंन. दर साली, पावसाच्या आधी."

बाबा, मी तुझ्यावर त्या दोन दिवसांवरून किती वर्षं रुसले होते, तुला माहीत आहे? दर वर्षी, पाऊस जवळ आला की तू पेंढ्याचे भारे घेऊन डोंगरावर जायचास आणि दोन दिवस यायचा नाहीस. विचारलं तर म्हणायचास, "काम आहे." शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या. मला वाटायचं, डोंगरावरून नवी आई येणार. मी तुझ्या भाकरीला मीठ घालायचे नाही त्या दिवशी. तू तशीच खायचास. आणि हे मी वाडीवालीला सांगितलं तर ती इतकी हसली, इतकी हसली, की पाणी पाजावं लागलं. "मला? तुझ्या बापाशी? अगो, तो माझ्या छपरावरून खाली उतरला की दारात पाणीसुदीक उभ्यानं प्यायचा!" येताना रिक्षात सून म्हणाली, "आई, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, तुम्ही सोडून." मी म्हटलं, हो. सगळ्यात शहाणी म्हणून जिला नावाजलं, तिलाच तेवढं माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांना बोलावून घेतलं. ते म्हणाले, सिंह वगळू आणि चाळीस मांडू, काही हरकत नाही. मी म्हटलं, हरकत आहे. सिंह मधोमध लावायचा, आणि खाली लिहायचं, हे बक्कल छावणीचं नाही, कॅम्प चारात ओतलेलं आहे, मुलीला कामावर ठेवावं म्हणून बापानं आणि एका मैत्रिणीनं पाटीत घातलं. सर म्हणाले, "आजी, असं कुठे लिहितात का?" मी म्हटलं, मला वाचता येत नाही सर, कुठे काय लिहितात मला काय ठाऊक? तुमची अट होती, ओळ खरी पाहिजे. ही सगळ्यात खरी आहे. ते भिंग पुसत बसले, मग म्हणाले, बरं. वाडीवालीला फोन करून सांगितलं, तर तिला तेवढ्यानं भागेना. म्हणते, शेणाचं पण लिहा.

आता संपवते, सुनेचा हात दुखायला लागलाय. हे कागद कुठे पाठवायचे, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, कुठे नाही, पिठाच्या डब्याखाली ठेव. मी सुखात आहे हे तुला पाठवून कळवायला हवं असं नाही. पण एक राहिलं. ते मी मुद्दाम ठेवलं होतं का, तर नाही, टाळत होते. पहिल्या पात्राच्या वरच्या ताटलीत एक सापाच्या आकाराचं बक्कल आहे, नाजूक, एका कडीत तोंड अडकवलेलं. सरांना सगळ्यांत तेच आवडलं. त्यांनी विचारलं, हे कुणाच्या पाटीत? मी म्हटलं, माझ्या. सुनेनं लिहून घेतलं. ते माझ्या पाटीतलं नाही. वाडीवाली पोराला पाजायला झाडाखाली गेली होती, भरलेली पाटी खाली ठेवून, आणि मातीतून सापाचं शेपूट दिसत होतं. मी इकडे तिकडे पाहिलं आणि कमरेला खोचलं. तेव्हा मनाला सांगितलं, नियम डोक्यावरच्या पाटीचा आहे, जमिनीवरच्या पाटीचा नाही. सोळा वर्षांची होते, आणि लक्ष्मी म्हणवून घेत होते.

सून लिहायची थांबली आहे आणि माझ्याकडे बघतेय. लिही म्हटलं, थांबू नको. सर सोमवारी बक्कलं न्यायला येणार, त्याच्या आत ती ओळ बदलायला हवी, म्हणजे मला परत कुळगावला जायला हवं. दोन दिवस मी आज गुडघा दुखतो, उद्या बाजार आहे, असं करत ढकलतेय. वाडीवाली रागावेल, ही भीती नाही मला बाबा. तिला हेही पहिल्यापासून माहीत असेल, ही आहे.